चुकीच्या धावपट्टीवर उतरलेल्या वैमानिकांना हसण्यावारी नेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण नवी मुंबई विमानतळावर पानभर मजकूर दिलात. त्याच पानावर खाली एक चौकट होती. घाईत सांताक्रूझऐवजी नवी मुंबई गाठणाऱ्या आणि तिथून उलटं पळणाऱ्या प्रवाशांचे किस्से त्यात होते आणि शेवटी प्रश्न होता, ‘उद्या वैमानिकही चुकले तर?’ सोबत व्यंगचित्र: वैमानिक खिडकीतून डोकं काढून रिक्षावाल्याला पत्ता विचारतो आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते दिवसभर फिरत होतं. मला मात्र ते बघवलं नाही. वैमानिक खरोखरच चुकलेले आहेत, आपल्याच शहरात चुकलेले आहेत, आणि ते का चुकले हे समजून घ्यायला विनोदाची अडचण होते, असं मला मनापासून वाटतं.

माझी सारी नोकरी विमानतळांवर आयएलएस, म्हणजे विमानाला उतरताना रेडिओवरून वाट दाखवणारी यंत्रणा, सांभाळण्यात गेली. विमानात बसलेल्यांना ही यंत्रणा कधी दिसत नाही, म्हणून दोन ओळींत सांगते. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला लोकलायझरच्या अँटेनांची रांग असते. तिच्यातून दोन सूर निघतात, एक 90 हर्ट्झचा आणि दुसरा 150 हर्ट्झचा. उतरणारं विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर असलं की दोन्ही सूर सारखे मिळतात. डावीकडे सरकलं की 90 चा जोर वाढतो, उजवीकडे सरकलं की 150 चा. धावपट्टीच्या बाजूला ग्लाइडपाथचा खांब असतो, तो साधारण तीन अंशांचा उतार दाखवतो. पावसाळ्यात त्या खांबासमोरचं गवत वाढून ओलं झालं की उतार बिघडतो, म्हणून आम्ही गवत कापणाऱ्यांच्या मागे लागायचो. या सगळ्याबरोबर लोकलायझर आणखी एक काम करत असतो. मोर्सच्या टिंब-रेघांत तो आपलं नाव सतत सांगत राहतो. वैमानिकानं ती वारंवारता लावली, नाव पडताळलं, की आपण कुठल्या विमानतळाच्या कुठल्या धावपट्टीकडे चाललो आहोत याची खातरजमा होते. डोळ्यांना काही दिसत असो वा नसो.

माझं आजचं सगळं म्हणणं या नावाभोवती आहे.

आता जुहूकडे या. जुहूचा विमानतळ 1928 सालचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले. पावसाळ्यात ती जमीन चिखलाची होई, तेव्हा टाटांना आपली सेवा पुण्याला हलवावी लागे. विमानं मोठी झाली तशी जुहूची जागा अपुरी पडू लागली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी वाहतूक सांताक्रूझला गेली. पण जुहू मिटलं नाही. ते आजही चालू आहे, समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारी हेलिकॉप्टरं तिथूनच उडतात.

मुंबईचा नकाशा समोर घ्या. जुहूच्या धावपट्टीचा क्रमांक आहे 08-26 आणि सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा 09-27. हे आकडे धावपट्टीच्या दोन टोकांकडून दिसणाऱ्या दिशांचे असतात. अंशांतला शेवटचा आकडा सोडून दिला की धावपट्टीचा क्रमांक मिळतो. म्हणजे एक साधारण 80 अंशांकडे तोंड करून आहे आणि दुसरी 90 अंशांकडे. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या वैमानिकाला किनारा ओलांडताच आधी जुहूची धावपट्टी लागते, जवळजवळ त्याच रेषेत, किंचित उत्तरेला. सांताक्रूझची तिच्यापुढे अवघ्या काही किलोमीटरवर. विमानाच्या वेगानं हा फरक एका मिनिटाचाही नाही. जो धावपट्टी शोधतो आहे, त्याच्यासमोर धावपट्टी येते. हव्या त्या दिशेची, हव्या त्या शहरात, समुद्रालगत. फक्त ती अकराशे-साडेअकराशे मीटरच लांब आहे, आणि मोठ्या जेटला तेवढ्यात थांबणं भयंकर कठीण.

15 जुलै 1953 रोजी बीओएसी कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, त्या काळातलं सगळ्यात नवलाचं यंत्र, आणि ते हाती देण्याआधी कंपनी आपले निवडक वैमानिक निवडत असे. तरी हे घडलं. ते विमान जुहूहून पुन्हा उडायला नऊ दिवस गेले.

मग 24 सप्टेंबर 1972, रविवार. जपान एअरलाइन्सचं डीसी-8, लंडनहून टोकियोकडे निघालेलं, वाटेत मुंबईला थांबणार होतं. सकाळी ते जुहूला उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पुढे गेलं. माणसं वाचली. विमान कायमचं निकामी झालं. माझे सासरे तेव्हा पार्ल्यातून सायकलवर ते बघायला गेले होते. ते सांगायचे की लोक मुलांना खांद्यावर बसवून आले होते, फुटाणेवाले आले होते आणि जो तो म्हणत होता, ‘पायलट प्यायला असेल.’ सासऱ्यांनाही आयुष्यभर तसंच वाटत राहिलं. मी नोकरीत पडल्यावर त्यांना नकाशा काढून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत बसले आणि म्हणाले, “अगं, मग हे कुणाचंही होईल.”

हेच मला आपल्या वाचकांना सांगायचं आहे. हे कुणाचंही होईल, आणि बहुतेक वेळा ते स्वच्छ हवेत होतं. धुकं असेल, पाऊस असेल, तर वैमानिक यंत्रांकडे बघूनच येतो आणि यंत्रं त्याला बरोबर जागी आणतात. आकाश मोकळं असलं की टॉवरसारख्या ठिकाणी बसून विमानांना परवानगी देणारा कंट्रोलर विचारतो, विमानतळ दिसतो का? वैमानिक पाहतो, दिवे दिसतात, धावपट्टी दिसते, तो ‘दिसतो’ म्हणतो, आणि त्याला डोळ्यांनी बघत उतरायची परवानगी मिळते. मुंबईतच नव्हे, जगात सगळीकडे ही चूक याच दारातून आत येते. जे दिसायला हवं असतं तेच मन डोळ्यांकडून वसूल करून घेतं. एकदा ‘हीच ती’ असं ठरलं की पुढची प्रत्येक खूण त्याच बाजूची वाटते, आणि धावपट्टी जरा आखूड का दिसते या शंकेलाही मन काहीतरी उत्तर देऊन मोकळं होतं.

कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, आता जीपीएस आहे. नोव्हेंबर 2013 मध्ये अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात बोइंगचं ड्रीमलिफ्टर उतरलं. ते विमानांचे सुटे भाग वाहून नेणारं अवाढव्य मालवाहू विमान आहे, 747 चं पोट फुगवून बनवलेलं. जायचं होतं मॅककॉनेल हवाई दलाच्या तळावर, उतरलं जबारा नावाच्या छोट्या विमानतळावर. उतरल्यावरही आपण नेमके कुठे आहोत हे वैमानिकांना रेडिओवर बराच वेळ उमगत नव्हतं. धावपट्टी सुमारे 1,860 मीटरची होती म्हणून दुसऱ्या दिवशी ते उडवता आलं. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2012 मध्ये, फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात हवाई दलाचं सी-17 मॅकडिलऐवजी पीटर ओ. नाइट या खासगी विमानांच्या तळावर उतरलं. दोन्हीकडच्या धावपट्ट्यांचा क्रमांक एकच होता, 22.

ड्रीमलिफ्टरनंतर दोन महिनेही झाले नव्हते. 12 जानेवारी 2014 ला मिसूरी राज्यात साउथवेस्टचं बोइंग 737 शिकागोहून ब्रॅन्सनला निघालं, आत 124 प्रवासी. अंधार पडला होता, हवा चांगली होती. वैमानिकांनी समोर उजळ दिवे पाहिले, विमानतळ दिसतो असं सांगितलं आणि गावातल्या लहान विमानतळावर उतरले. ब्रॅन्सनची धावपट्टी 7,140 फुटांची, क्रमांक 14. ही 3,738 फुटांची, क्रमांक 12. टेकल्यावर चूक कळली आणि त्यांनी ब्रेक दाबून धरले. विमान थांबलं तेव्हा पुढे साधारण तीनशे फूट डांबर उरलं होतं आणि त्यापलीकडे खोल उतार होता. या विमानातही जीपीएस होतं, कुठे चाललो आहोत हे दाखवणारा नकाशा समोरच्या पडद्यावर होता. पण डोळे खिडकीतून बाहेर होते.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती सॅन फ्रान्सिस्कोची घटना. तिच्यात विमानतळ बरोबर होता, फक्त जागा चुकली, आणि माझ्या कामाशी तिचा सरळ संबंध आहे. 7 जुलै 2017, मध्यरात्रीच्या थोडं आधी. एअर कॅनडाचं ए-320 टोरंटोहून आलं. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत, 28 डावी आणि 28 उजवी. त्या रात्री डावी काम चालू असल्यामुळे बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. याची सूचना वैमानिकांना दिलेल्या कागदांत होती, पण इतर सूचनांच्या गर्दीत दबलेली. वैमानिकांना सवय दोन उजळलेल्या पट्ट्या बघायची. त्यांना दोनच दिसल्या. एक होती 28 उजवी आणि दुसरी तिच्याशेजारचा टॅक्सीवे, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत चालत नेण्याचा रस्ता. त्यांनी टॅक्सीवेलाच उजवी धावपट्टी धरलं आणि तिच्यावर उतरू लागले. टॅक्सीवेवर चार विमानं उड्डाणाची वाट बघत एकामागे एक उभी होती, प्रवाशांनी आणि इंधनानं भरलेली.

वैमानिकांना शंका आली होती, हे महत्त्वाचं. त्यांनी टॉवरला विचारलं, धावपट्टीवर दिवे दिसताहेत, कुणी आहे का? कंट्रोलरनं खऱ्या धावपट्टीकडे बघून खरं उत्तर दिलं की कुणी नाही. प्रश्न एका जागेबद्दल होता, उत्तर दुसऱ्या जागेबद्दल. मग खाली उभ्या असलेल्या एका वैमानिकानं रेडिओवर ओरडून सांगितलं की हा टॅक्सीवेवर येतो आहे, आणि एकानं आपले दिवे लावले. एअर कॅनडाचं विमान अखेर वर उचललं गेलं, पण त्याआधी ते जमिनीपासून सुमारे 60 फुटांपर्यंत खाली आलं होतं. पाच विमानांत मिळून हजाराहून अधिक माणसं होती.

चौकशीत पुढे आलं की कॅप्टन 19 तासांहून अधिक वेळ जागा होता. आणि दुसरं हे, की त्या रात्रीच्या उतरण्याच्या पद्धतीत आयएलएसची वारंवारता हातानं लावायची होती आणि ती लावायची राहून गेली. वाचलं तेव्हा माझे हात गार पडले. कुणीतरी त्या यंत्राची निगा राखत होतं, ते त्या रात्रीही टिंब-रेघांत आपलं नाव सांगत होतं, पण ऐकणारा कान त्यावर लावलेला नव्हता.

आपल्या देशातल्या विमान कंपनीचंही उदाहरण आहे. 7 सप्टेंबर 2018 रोजी एअर इंडियाचं ए-320 तिरुवनंतपुरमहून मालदीवमधल्या मालेला गेलं आणि वापरातल्या धावपट्टीऐवजी शेजारी बांधकाम चालू असलेल्या नव्या धावपट्टीवर उतरलं. टायर गेले, 136 प्रवासी सुखरूप राहिले. एप्रिल 2021 मध्ये झांबियात एन्डोला शहरासाठी निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं मालवाहू विमान जुन्या विमानतळाऐवजी बांधून पुरत्या न झालेल्या नव्या विमानतळावर उतरलं. म्हणजे नवं काही बांधलं की काही काळ धोका वाढतो. म्हणून नवी मुंबई सुरू होत असताना आपण हा प्रश्न काढलात, ते योग्यच केलंत. फक्त त्याची थट्टा व्हायला नको होती.

नवी मुंबईच्या बाबतीत मी उगाच भीती घालत नाही. तिथली धावपट्टी 3,700 मीटरची आहे, मुंबईपेक्षाही लांब. दोन विमानतळांत विमानाच्या रेषेत वीस किलोमीटरांहून जास्त अंतर आहे आणि दोन्हींकडे आधुनिक यंत्रणा आहे. पण तिचा क्रमांकही 08-26 च आहे, म्हणजे जुहू, सांताक्रूझ आणि नवी मुंबईचं उलवे अशा तीन पट्ट्या एका महानगरात जवळजवळ एकाच दिशेला तोंड करून आहेत. पहिल्यांदा येणाऱ्या, रात्रभर जागलेल्या परदेशी वैमानिकाच्या डोळ्यांनी हे चित्र एकदा बघायला हवं.

उपाय माहीत आहेत आणि ते महागही नाहीत. ऑक्टोबर 1960 मध्ये पॅन ॲमचं 707 लंडनच्या हीथ्रोऐवजी शेजारच्या नॉर्थोल्टला उतरलं, तेव्हा इंग्रजांनी काय केलं? दोन्ही वाटांवर गॅसच्या मोठमोठ्या टाक्या होत्या. एका टाकीवर नॉर्थोल्टची अक्षरं रंगवली आणि साउथॉलच्या टाकीवर हीथ्रोची. रंगाचे डबे आणि शिडी, एवढ्यात काम झालं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं 2015 मध्ये शिफारस केली की वाटेत गोंधळ होईल असा दुसरा विमानतळ असेल तर तो मागे पडेपर्यंत कंट्रोलरनं उतरण्याची अंतिम परवानगी देऊच नये. मला ही शिफारस फार शहाणपणाची वाटते. वैमानिकाला चुकीची धावपट्टी समोर दिसत असली, तरी परवानगी न मिळाल्यामुळे तो थबकतो, विचारतो, आणि तेवढ्या क्षणांत खरी धावपट्टी नजरेत येते. आणि माझा स्वतःचा आग्रह: हवा कितीही स्वच्छ असो, जिथे आयएलएस आहे तिथे ते लावायचंच आणि त्याचं नाव पडताळायचंच. अनेक कंपन्यांच्या नियमांत हे आहे. पण मोकळ्या आकाशात, दमलेल्या माणसाकडून, पहिलं गळतं ते हेच.

आता हसण्याबद्दल. जो वैमानिक खरोखर उतरला त्याची बातमी होते. पण त्याच्या मागे असे कितीतरी असतात जे चुकीच्या धावपट्टीकडे वळले, अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं आणि ते परत वर गेले. त्यांची चूक कुणी पाहिली नाही. तिच्यापासून शिकायचं असेल तर ती त्यांनी स्वतःहून सांगायला हवी. अमेरिकेत 1976 पासून नासाच्या देखरेखीखाली एक योजना चालते, तिथे वैमानिक आणि कंट्रोलर अशा चुका लिहून कळवतात आणि त्यांची नावं गुप्त ठेवली जातात. चुकीच्या विमानतळाकडे निघालेल्यांचे अनुभव त्यात आहेत, आणि कुठल्या दोन धावपट्ट्यांत गल्लत होते हे त्यातूनच कळत गेलं. ज्या समाजात चुकलेल्या वैमानिकाला रिक्षावाल्याला पत्ता विचारणारा खुळा ठरवतात, तिथे असं कोण लिहील? माझ्या नोकरीत मी पाहिलं आहे, एखाद्या तरुण मुलानं आपली चूक प्रामाणिकपणे सांगितली आणि कँटीनमध्ये महिनाभर त्याची टिंगल झाली, की पुढच्या वेळी तो गप्प राहतो. त्याचं पाहून त्याच्याबरोबरचे दहा जण गप्प राहतात.

माझी विनंती एवढीच की आपल्या वार्ताहरानं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला आणि विमानतळ प्राधिकरणाला काही साधे प्रश्न लेखी विचारावेत. समुद्राकडून सांताक्रूझच्या 09 वर येणाऱ्या विमानाला जुहू ओलांडण्याआधी उतरण्याची परवानगी दिली जाते का? नवी मुंबई सुरू झाल्यावर कंट्रोलर आणि परदेशी विमान कंपन्या यांना या तीन समांतर पट्ट्यांबद्दल वेगळी सूचना गेली आहे का? चूक होता होता राहिली असं स्वतःहून कळवणाऱ्या वैमानिकाचं नाव आपल्याकडे कुणापर्यंत पोहोचतं? मिळालेली उत्तरं त्याच पानावर, त्या चौकटीएवढ्याच जागेत छापा. प्रश्न तयार करायला किंवा उत्तरांतले तांत्रिक शब्द सोपे करून सांगायला माझा उपयोग होणार असेल तर मी आनंदानं आपल्या कार्यालयात येईन. पत्ता आणि फोन आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो छापू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त तांत्रिक अधिकारी,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई